अधिकार नाही, की द्यावयाचा नाही?

ख्रिस्ती स्त्रियांस पौरोहित्याची दीक्षा द्यावी की न द्यावी, हा वाद आपला नव्हे, असे देवळाच्या मंडपात बसून म्हणणारे आमचे काही स्नेही आहेत. वाद आपला नसेल. परंतु त्यात पुढे केली जाणारी प्रमाणे आमच्या चांगलीच परिचयाची आहेत.

प्रथम एक हकीकत. फ्लॉरेन्स ली टिम-ओई या चिनी बाई मकाव येथील अँग्लिकन मंडळीची सेवा करीत होत्या. मकाव तेव्हा गोव्याप्रमाणेच पोर्तुगीज अमलाखाली होते. महायुद्धामुळे तेथे पुरोहित पोहोचेना. तेव्हा हाँगकाँगचे बिशप रोनाल्ड हॉल यांनी २५ जानेवारी १९४४ रोजी लीबाईंनाच पुरोहितपदाची दीक्षा दिली. युद्ध संपले, गरज सरली आणि वडीलधाऱ्यांना नियम आठवला! १९४६ मध्ये बाईंनी पौरोहित्याचा परवाना परत केला. दीक्षा सोडली नाही. हा भेद आमच्या व्यवसायबंधूंस तत्काळ उमगेल. परवाना माणूस देतो व माणूसच काढून घेतो. इंग्लंडच्या चर्चने स्त्रियांच्या दीक्षेचा ठराव ११ नोव्हेंबर १९९२ रोजी संमत केला. लीबाई त्याच वर्षी फेब्रुवारीत निवर्तल्या होत्या.

रोमची भूमिका निराळी आहे, व गोव्यातील आमच्या कॅथलिक शेजाऱ्यांस तीच लागू आहे. स्त्रीस दीक्षा देण्याचा चर्चला अधिकारच नाही, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी २२ मे १९९४ च्या पत्रात सांगितले. ख्रिस्ताने बारा प्रेषित पुरुषच निवडले, हा मुख्य आधार. ते बाराही यहुदी होते. तरी पाद्री यहुदीच हवा असे कोणी म्हणत नाही. यावर रोमचे उत्तर असे की, वेदीपाशी पुरोहित ख्रिस्ताचे रूप धारण करतो, म्हणून तो पुरुष हवा. उत्तर विचारपूर्वक दिलेले आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु पुनरुत्थानाची पहिली वार्ता ज्या प्रभूने मेरी मॅग्दालेनच्या मुखी घातली, त्याला स्त्रीमुखाचे वावडे होते काय? ‘आम्हांस अधिकार नाही’ म्हणणारे न्यायालय नम्र दिसते. तेच न्यायालय ‘हा प्रश्न पुन्हा काढू नका’ म्हणू लागले, की नम्रता संपते.

अमेरिकेतील सदर्न बाप्टिस्टांनी २००० साली पाळकपद पुरुषांपुरतेच ठरविले. प्रतिष्ठा समान, कार्य मात्र भिन्न, असे ते सांगतात. निर्णयाचा अधिकार दर खेपेस एकाच पक्षाच्या पदरी पडत असेल, तर तिला वाटणी म्हणत नाहीत. तिमथ्याच्या पत्रातील मनाईचे कलम ते मोठ्याने वाचतात; रोमकरांस लिहिताना पौलाने किंख्रियेच्या मंडळीची सेविका म्हणून फीबीची जी शिफारस केली, तेथे त्यांचा आवाज बारीक होतो. आपल्याकडे चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये ई. पुष्पा ललिता यांना बिशप केले. आभाळ कोसळले नाही.

एका स्नेह्याने आम्हांस बजावले, “त्यांचे त्यांच्यापाशी, आपल्याकडे सोवळ्याचा प्रश्न आहे.” पहाटे स्नान करून, सोवळ्याने देवाची माळ गुंफणारी बाई आमच्या पाहण्यातली आहे. गर्भागाराच्या उंबऱ्यापाशी ती माळ तिच्या हातून घेतली जाते. का, हे महाजनांच्या पुढील सभेत आम्ही विचारणार आहोत. उत्तर ‘अधिकार नाही’ असेच आले, तर तो कोणी ठरविला, हेही विचारू.