मोकळ्या जागेचे मारेकरी

क्रांती चौक हा आपल्या शहराचा जाहीर सभामंडप आहे. ९ ऑगस्ट २०१६ रोजी मराठा क्रांती मोर्चाचे पहिले पाऊल येथेच पडले. त्याआधी आणि त्यानंतर येथे झालेल्या धरण्यांची व उपोषणांची गणती कोण करील? परंतु ‘आमच्या वसाहतीतील मोकळी जागा आम्हांस परत द्या’ अशी मागणी घेऊन बसलेले चार गृहस्थ तेथे माझ्या पाहण्यात नाहीत. मागावी तरी कोणाकडे? बहुतेक ठिकाणी ती आपणच गिळंकृत केली आहे.

०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर वा त्याहून मोठ्या जमिनीचे ले-आउट पाडताना दहा टक्के जागा सर्वांसाठी मोकळी ठेवावी लागते. २०२० च्या राज्याच्या बांधकाम नियमावलीतही हा दंडक आहे. प्रत्यक्षात आधी उत्सवाचा मंडप येतो, मग पावसाची सबब सांगून पत्रे, मग भिंती. आणि आत देवाची स्थापना झाली की तिला हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नाही.

हे इतरांचे दोष आहेत असे समजून वाचकांनी मान डोलवू नये. काही वर्षांपूर्वी आपल्याच धर्मग्रामातील मंडळी माझ्याकडे आली. वसाहतीच्या मोकळ्या जागेत मारियामातेची ग्रोटो बांधावयाची होती. “फादर, बाकीच्यांनी कोपरे धरलेच आहेत, आपणच का मागे राहायचे?” त्या जागेत दोन करंज होते, मुले क्रिकेट खेळत. मी आशीर्वाद द्यावयास गेलो नाही. एक कुटुंब पुढे दोन वर्षे मिस्सासाठी दुसऱ्या चर्चमध्ये जात राहिले. मला त्याचे दुःख आहे, पश्चात्ताप नाही.

जागा गेली की वृक्षारोपणाचा सोहळा सुरू होतो! २०१६ ते २०१९ या काळात राज्यात पन्नास कोटी रोपे लावण्याचा संकल्प झाला. जेथे वर्षानुवर्षे नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येत आले, तेथे रोप लावणे म्हणजे निदान तीन उन्हाळे ते जगविण्याचे वचन देणे होय. छायाचित्रात फावडे धरणाऱ्यांपैकी मे महिन्यात बादली घेऊन कोण येतो? १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली; तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावणे बंधनकारक झाले. चाळीस वर्षांच्या कडुनिंबापायी चाळीस रोपे! पण फरसबंदीत ती रोवणार कोठे?

आणि ज्यांच्या वाट्याला दहा टक्केही नाहीत त्यांचे काय? गुंठा-गुंठा विकून उभ्या राहिलेल्या वस्त्या २००१ च्या गुंठेवारी कायद्याने नियमित करण्याची सोय झाली. मैदान मात्र कायद्याने उगवत नाही. आपल्या घरी भांडी घासणारी बाई तेथे राहते. तिचे मूल आपल्या वसाहतीच्या बागेत आले की रखवालदार हटकतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात नेमक्या अशाच, बाहेरच्यांना बंद असलेल्या हिरव्या वसाहतींवर बोट ठेवले आहे. फाटकावरची ती पाटी प्रथम उतरवा.

बुंध्याभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांबाबत दिला होता. आपल्या चर्चच्या आवारातील कडुनिंबाभोवतीचे पेव्हर ब्लॉक मी गेल्या पावसाळ्यापूर्वी उखडले. लग्नाच्या दिवशी दोन मोटारींची जागा कमी होते, अशी तक्रार माझ्या कानावर आली आहे. उरलेले ब्लॉक येत्या मे महिन्यात निघतील.