निर्लेखित सोबती : व्हिएतनाममधील श्वान आणि त्यांचे हँडलर

१/
४ डिसेंबर १९६६. सायगावजवळचा तान सोन न्हुत हवाई तळ. पहाटेच व्हिएतकाँगने या तळावर हल्ला केला होता. त्याच रात्री तळाच्या हद्दीतील एका दफनभूमीजवळ रॉबर्ट थ्रोनबर्ग हा अमेरिकी हवाईदलाचा पहारेकरी नेमो या जर्मन शेफर्डसह गस्त घालीत होता. दबा धरून बसलेल्या माणसांची चाहूल प्रथम नेमोला लागली. पाठोपाठ झालेल्या गोळीबारात दोघेही जखमी झाले.

२/
गोळीने नेमोचा एक डोळा गेला. तरीही तो सरपटत थ्रोनबर्गपाशी आला आणि त्याच्या अंगावर पडून राहिला. मदतीला धावलेल्या सैनिकांनाही तो जवळ येऊ देईना. अखेर पशुवैद्यकाला पाचारण करावे लागले. थ्रोनबर्ग वाचला, नेमोही वाचला. १९६७ मध्ये नेमोला समारंभपूर्वक मायदेशी आणण्यात आले आणि १९७२ च्या अखेरीस टेक्सासमधील लॅकलँड तळावर त्याचा मृत्यू झाला.

३/
समाजमाध्यमांवर ही कथा बहुधा येथेच संपते. परंतु नेमो हा अपवाद होता. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने सुमारे ४,००० श्वान वापरले. त्या काळातील नोंदी अपुऱ्या असल्याने आकड्यांत थोडाफार फरक आढळतो. मात्र मायदेशी परतलेल्यांची संख्या साधारण २०० होती, यावर बहुतेकांचे एकमत आहे. काही श्वान युद्धात वा आजाराने मेले. उरलेल्यांचे काय झाले, हा या धाग्याचा विषय आहे.

४/
१९७० च्या दशकारंभी अमेरिकी सैन्य माघारी निघाले, तेव्हा काही श्वान दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याच्या हवाली करण्यात आले. कित्येकांना इंजेक्शन देऊन मारण्यात आले. यासाठी कोणतेही नियम मोडावे लागले नाहीत. सैन्याच्या दप्तरात श्वान ही साधनसामग्री होती आणि नेणे परवडत नाही ती सामग्री युद्धभूमीवरच सोडावी, हा जुना प्रघात होता.

५/
महाराष्ट्रातील कोणत्याही सरकारी कार्यालयात वा शाळेत ‘जडवस्तू नोंदवही’ असते. तिच्यात खुर्च्या, कपाटे, घड्याळे क्रमांकासह चढतात आणि निकामी झाली की त्यांचे ‘निर्लेखन’ होते. निर्लेखन या शब्दात क्रौर्य नाही. तो हिशेबाचा शब्द आहे. व्हिएतनाममधील श्वानांचे जे झाले, ते समजण्यासाठी याहून नेमका शब्द मराठीत क्वचितच सापडेल.

६/
‘तो काळच तसा होता’ असे यावर सहज म्हटले जाते. इतिहास मात्र या समर्थनाला साथ देत नाही. जानेवारी १९४२ मध्ये ‘डॉग्ज फॉर डिफेन्स’ ही नागरी संस्था स्थापन झाली आणि तिच्या आवाहनावरून हजारो अमेरिकी कुटुंबांनी आपले पाळीव कुत्रे सैन्याला दिले. ते पहाऱ्यावर, निरोप पोहोचवण्यासाठी आणि पॅसिफिकमधील बेटांवर टेहळणीसाठी वापरले गेले.

७/
दुसरे महायुद्ध संपल्यावर या श्वानांना पुन्हा माणसाळवण्यासाठी प्रशिक्षण दिले गेले. युद्धात शिकवलेली आक्रमकता हळूहळू उतरवली गेली आणि सुमारे ३,००० श्वान नागरी जीवनात परतले. मरीन कोअरकडे युद्धाच्या अखेरीस ५५९ श्वान होते. त्यांपैकी ५४० घरी गेले. पुन्हा माणसांत राहण्यास अयोग्य ठरलेले केवळ ४ निघाले. म्हणजे हे काम शक्य आहे, हे १९४५ मध्येच सिद्ध झाले होते.

८/
मग वीस-पंचवीस वर्षांत काय बदलले? बदलली ती मालकी. महायुद्धानंतर सैन्याने नागरिकांकडून कुत्रे घेणे थांबवून ते विकत घेण्यास सुरुवात केली. आधीच्या श्वानामागे एक घर होते, त्याची वाट पाहणारी मुले होती, प्रसंगी पत्र लिहून जाब विचारणारा मालक होता. नव्या श्वानामागे खरेदीची पावती होती आणि त्याच्या कानात गोंदलेला क्रमांक होता. नेमोचा क्रमांक होता ए-५३४.

९/
सैनिक आणि श्वान यांचे नाते मात्र पावतीवर चालत नव्हते. टेहळणी श्वानाचा हँडलर गस्तीच्या अगदी पुढे चाले. श्वानाचे कान टवकारले, चाल मंदावली, मान किंचित वळली, की त्याचा अर्थ क्षणात लावायचा. सुरुंगाची तार असेल, दबा असेल किंवा एखादे रानटी जनावर. अर्थ चुकला तर मागून येणाऱ्या सर्वांचे प्राण धोक्यात. इतक्या सूक्ष्म संकेतांची भाषा दोन जीवांना सहवासातूनच येते.

१०/
आणि या भाषेला मुदत होती. अमेरिकी सैनिकाची व्हिएतनाममधील नेमणूक साधारण एक वर्षाची असे. वर्ष संपले की सैनिक घरी जाई. श्वान तेथेच राही आणि नव्या हँडलरच्या हाती सोपवला जाई. एकेका श्वानाने असे अनेक हँडलर पाहिले. सैन्य माघारी जाण्याच्या कितीतरी आधीपासून हा वियोग दर वर्षी घडत होता. शेवटच्या तुकड्यांच्या वाट्याला तो कायमचा आला, एवढाच फरक.

११/
हे सैनिक ज्या देशात परतले, तो देश त्या युद्धाविषयी बोलू इच्छित नव्हता. युद्धोत्तर मानसिक आघाताला ‘पीटीएसडी’ हे अधिकृत निदान मिळाले ते १९८० मध्ये, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसंहितेच्या तिसऱ्या आवृत्तीत. पुढे १९८० च्या दशकातच झालेल्या राष्ट्रीय पाहणीत व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या पुरुषांपैकी सुमारे १५ टक्के तेव्हाही या विकाराने ग्रस्त असल्याचे आढळले. युद्ध संपून दशक उलटले होते.

१२/
झोप न लागणे, दचकणे, मद्यपान, मोडलेले संसार यांची नोंद पाहण्यांत होते. परंतु कुत्र्यासाठी झुरणाऱ्या माणसाची नोंद कोणत्या रकान्यात करणार? सहकारी मेला तर शोकसभा असते, स्मारकावर नाव असते, त्याच्या आईला लिहायचे पत्र असते. ज्याने आपला जीव वाचवला, त्याचे आपण सोडून आल्यानंतर काय झाले हेच ठाऊक नसेल, तर शोक नेमका कशाचा करायचा? आणि दप्तरी तो जीव सामग्री असेल, तर शोक करण्याचा अधिकार तरी कोणी मान्य करायचा?

१३/
व्हिएतनामच्या श्वान-हँडलरांच्या वेदनेचे मूळ येथे आहे. शत्रूने केलेली जखम त्यांना समजत होती. ती सैनिकाच्या पेशात गृहीत असते. ही दुसरी जखम स्वपक्षाच्या कारकुनी निर्णयाने झाली होती. ‘पीटीएसडी’ची चर्चा करताना रणांगणावरील स्फोटांकडे जितके लक्ष दिले जाते, तितकेच अशा निर्णयांकडेही द्यायला हवे.

१४/
सैन्याची बाजूही ऐकली पाहिजे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आग्नेय आशियातील अमेरिकी श्वानांत एक गूढ रक्तस्रावी रोग पसरला. पुढे तो ‘ट्रॉपिकल कॅनाइन पॅन्सायटोपेनिया’ म्हणून ओळखला गेला. गोचिडांवाटे पसरणाऱ्या या रोगाने शेकडो श्वान दगावले. तो अमेरिकेत पोहोचेल ही भीती निराधार नव्हती. शिवाय पहाऱ्यासाठी तयार केलेले काही श्वान हँडलरखेरीज सर्वांवर धावून जात, हेही खरे.

१५/
तरीही हे समर्थन पुरेसे नाही. सुमारे २०० श्वान परतले, म्हणजे तपासणी करून निरोगी श्वान परत आणण्याची वाट उपलब्ध होती. आक्रमकता उतरवण्याची पद्धतही महायुद्धानंतर सिद्ध झालेली होती. उणीव राहिली ती खर्च करण्याच्या इच्छेची, आणि सामग्रीसाठी तेवढा खर्च करा असे दप्तर कधीच सांगत नाही. रोग हे खरे कारण होते. त्याला पुरेसे कारण ठरवले ते वर्गीकरणाने.

१६/
बदल घडवला तो माजी सैनिकांनी. विल्यम पुटनी हे मरीन कोअरमधील पशुवैद्यक. १९४४ मध्ये गुआमच्या लढाईत ते श्वानपथकाचे नेतृत्व करीत होते. त्या बेटावर पडलेल्या २५ श्वानांच्या दफनभूमीची दुरवस्था पाहून त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि २१ जुलै १९९४ रोजी, लढाईच्या पन्नासाव्या वर्षी, तेथे डोबरमनचे कांस्यशिल्प असलेले स्मारक उभे राहिले. महायुद्धातील श्वान घरी परतले होते, याचा हा जिवंत साक्षीदार होता.

१७/
व्हिएतनामचे हँडलरही एकत्र येऊ लागले होते. २००० साली कॅलिफोर्नियातील मार्च फील्ड आणि जॉर्जियातील फोर्ट बेनिंग येथे युद्धश्वानांची स्मारके उभारली गेली. त्याच सुमारास रॉबी या वृद्ध लष्करी श्वानाला घरी नेऊ देण्याची विनंती त्याच्या माजी हँडलरने केली. नियम आडवा आला. प्रकरण काँग्रेसपर्यंत गेले. पुटनी यांच्यासारख्या माजी सैनिकांनी कायद्याची बाजू लावून धरली.

१८/
नोव्हेंबर २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची स्वाक्षरी झाली आणि निवृत्त लष्करी श्वान दत्तक देण्याचा मार्ग खुला झाला. हा कायदा ‘रॉबीज लॉ’ म्हणून ओळखला जातो. स्वतः रॉबीला त्याचा उपयोग झाला नाही. प्रकृती ढासळलेल्या त्या श्वानाला जानेवारी २००१ मध्ये दयामरण देण्यात आले. हँडलरच्या घराचा उंबरा तो ओलांडू शकला नाही.

१९/
कायद्यालाही पळवाटा होत्या. परदेशातील तळावर निवृत्त होणाऱ्या श्वानाला मायदेशी आणण्याचे बंधन त्यात नव्हते. तो खर्च अनेकदा हँडलर वा धर्मादाय संस्था उचलीत. २०१६ या आर्थिक वर्षासाठीच्या संरक्षण कायद्याने परतीची तरतूद आणि दत्तक घेताना माजी हँडलरांना प्राधान्य, या दोन्ही गोष्टी अधिक पक्क्या केल्या. व्हिएतनाममधून माघार घेतल्यानंतर चार दशकांहून अधिक काळ लोटला होता.

२०/
आज चित्र उलटे दिसते. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अमेरिकेत मानसिक आघाताने ग्रस्त माजी सैनिकांना सेवाश्वानांच्या प्रशिक्षणात सहभागी करून घेणाऱ्या प्रायोगिक योजनेचा कायदा झाला. ज्या शासनाने एका पिढीपासून श्वान काढून घेतले, तेच पुढच्या पिढीला उपचार म्हणून श्वान देत आहे. हे स्वागतार्ह आहे. मात्र कुत्रा दिला म्हणजे माजी सैनिकाची जबाबदारी फिटली, असा समज त्यातून होता कामा नये. कुत्रा हा डॉक्टर, निवृत्तिवेतन किंवा रोजगार यांना पर्याय नव्हे.

२१/
भारतातही हा प्रश्न परका नाही. भारतीय लष्करात निवृत्त श्वानांना दयामरण देण्याची पद्धत दीर्घकाळ होती. २०१५ मध्ये माहिती अधिकारातून ती चर्चेत आली, प्रकरण न्यायालयात गेले आणि आता निवृत्त श्वान दत्तक दिले जातात. २६/११ च्या हल्ल्यात स्फोटके शोधणाऱ्या मुंबई पोलिसांच्या मॅक्स, सीझर, टायगर आणि सुलतान यांना उतारवयात निवारा मिळाला तो विरारच्या एका खासगी फार्मवर. मुंबई ज्यांची ऋणी होती, त्यांचा सांभाळ एका व्यक्तीच्या मायेवर अवलंबून राहिला.

२२/
सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरीतील चकमकीत केंट या लष्करी लॅब्रॅडॉर मादीने हँडलरला वाचवताना प्राण दिले. तिची छायाचित्रे देशभर पसरली आणि ते योग्यच झाले. परंतु धारातीर्थी पडलेल्या श्वानाचा गौरव करणे तुलनेने सोपे असते. कसोटी लागते ती जगलेल्या, म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या श्वानाच्या बाबतीत, आणि तितकीच त्याच्या मागे उरलेल्या माजी सैनिकाच्या बाबतीत.

२३/
‘निष्ठावान कुत्रा’ या कथांतून सगळी निष्ठा कुत्र्याच्या पदरात टाकली जाते आणि संस्थेची निष्ठा तपासण्याचे राहून जाते. नेमो थ्रोनबर्गच्या अंगावरून हलला नाही, हे प्रत्येकाला पाठ असते. उरलेल्या हजारोंचे निर्लेखन कोणत्या नियमाने झाले, हे क्वचितच कोणी विचारते. इतिहासाच्या अभ्यासकाने शौर्यपदकांइतक्याच बारकाईने नोंदवह्या वाचायला हव्यात. कोणाचे नाव लिहिले गेले आणि कोणाचा फक्त क्रमांक, हे तेथेच कळते.

२४/
ऑक्टोबर २०१३ मध्ये लॅकलँड येथे अमेरिकेचे राष्ट्रीय युद्धश्वान स्मारक खुले झाले. जॉन बर्नम या व्हिएतनामच्या माजी हँडलरने त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. स्मारकाच्या एका बाजूला एक कारंजे आहे. तेथे व्हिएतनाममधील एक सैनिक बसला आहे आणि आपल्या कुत्र्याला पिता यावे म्हणून पाण्याच्या बाटलीतून शिरस्त्राणात पाणी ओततो आहे. ना बंदूक रोखलेली, ना शत्रू समोर. त्या माणसांना परत येऊन जे आठवत राहिले, ते असे होते.

(समाप्त)