चौसष्टचा आकडा आणि बंद केलेल्या गोळ्या

आमच्या वस्तीतल्या एका काकांनी मागच्या पावसाळ्यात साखरेच्या गोळ्या बंद केल्या. वय ६३. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "ताई, भय्यासाहेब गेले तेव्हा ६४ चे, नामदेव ढसाळ ६४ चे, माझा बापही ६४ चाच. आपल्या माणसाचं आयुष्य तेवढंच. मग गोळ्या कशाला खायच्या?"

काकांचा हिशोब बरोबर आहे. भय्यासाहेब यशवंतराव आंबेडकर डिसेंबर १९१२ चे, गेले सप्टेंबर १९७७ ला. ढसाळ फेब्रुवारी १९४९ चे, गेले जानेवारी २०१४ ला. दोघांनाही ६५ वं पूर्ण करता आलं नाही. पण त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. ढसाळांना कित्येक वर्षं स्नायू दुबळे करणारा आजार होता, पुढे मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. काकांना मधुमेह आहे. आकडा जुळला म्हणून आजार जुळत नाही. ढसाळांबरोबर १९७२ ला पँथर उभी करणारे राजा ढाले ७८ वर्षं जगले. बाबासाहेबांनंतर चौदाच दिवसांनी गेलेले गाडगेबाबा ८० चे होते. तथागतांचं वयही ८० च सांगतात. माईसाहेब तर ९४. हे आकडे कोणाला आठवत नाहीत. भीती वाटते तोच आकडा ध्यानात राहतो. आणि नशिबात लिहिलेलं आपण १९५६ लाच मागे टाकलं ना?

बाबासाहेब ६५ व्या वर्षी गेले, पण त्यांच्या आजारपणाबद्दल आपल्या भाषणांत कोणी बोलत नाही. मधुमेह होता, पाय दुखायचे, नजर अधू झाली होती. त्या काळी इन्सुलिन जनावरांच्या स्वादुपिंडातून काढत. बोट टोचून घरीच साखर बघायचं यंत्र नव्हतं, लघवी परीक्षानळीत तापवून अंदाज घ्यायचे. तरी ते उपचार घेत होते, आणि ५ डिसेंबरच्या रात्रीसुद्धा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेवर त्यांचं काम चालू होतं. त्यांच्या वयाचा दाखला देऊन औषध सोडणं मला पटत नाही.

तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब फुकट तपासतात. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून औषध सुरू करायचं, आणि बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. गोळ्याही तिथे मिळतात, म्हणजे मिळायला हव्यात. संपल्या की 'बाहेरून घ्या' सांगतात. शिवाय धुणीभांडी करणारी बाई किंवा नाक्यावरचा मजूर सकाळची रोजी बुडवून रांगेत कसा उभा राहणार? संध्याकाळी दवाखाना चालू ठेवा, ही मागणी जयंती मंडळांनी लेखी द्यावी. डीजेच्या पैशातून थोडे बाजूला काढून विहारात साखर मोजायचं यंत्र आणि पट्ट्या ठेवाव्यात. (डीजेचं नाव काढलं की पोरं माझ्यावर चिडतात. चिडू देत.)

६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्यांनी गोळ्या, खाऊ आणि साखरेची पुडी जवळ ठेवा. साखर असणाऱ्यांनी अनवाणी चालू नका.

काकांची साखर उपाशीपोटी २८० निघाली. उजव्या अंगठ्याखाली जखम होती, पाय बधिर असल्यानं त्यांना पत्ताच नव्हता. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात. जखम अजून भरायची आहे, रोज सकाळी ड्रेसिंगला मी जाते.