गुलामगिरी संपल्यानंतरचीं चित्रें

जोतीराव फुले यांनीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ सालीं अमेरिकेंतील सत्पुरुषांस अर्पण केला, कारण त्यांनीं आपल्या देशांतील काळ्या लोकांस दास्यांतून सोडविलें. हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण सुटलेल्या त्या लोकांचें पुढें काय झालें? आम्ही स्वतः कित्येक वर्षें वर्गांत १८६५ सालापर्यंत येऊन, बेडी तुटली असें सांगून, धडा मिटीत होतों.

पुढचें सांगण्यासाठीं आम्हीं त्या वेळच्या अमेरिकन साप्ताहिकांतलीं चित्रें भिंतीस लावलीं. पहिलें १८६७ सालचें, 'हार्पर्स वीकली'तलें, आल्फ्रेड वॉड याचें. मुक्त झालेले लोक प्रथमच मत देत आहेत. सर्वांपुढें एक म्हातारा कारागीर. त्याच्या खिशांत हत्यारें आहेत. मागें एक नीटनेटका शहरी गृहस्थ, त्यामागें लष्करी शिपाई. आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच एका सुताराचा मुलगा ओरडला, "हा कामावरून तसाच आलाय!" तासभर व्याख्यान देऊन जें साधलें नसतें तें त्या खिशानें साधलें.

मात्र चित्र नेहमीं खरेंच बोलतें असें समजूं नये. थॉमस नॅस्ट हा त्याच पत्राचा नामांकित चित्रकार. मार्च १८७४ मध्यें त्यानें साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळांतील काळे सभासद विद्रूप व भांडखोर काढून त्यांची टवाळी केली. त्याच सालच्या आक्टोबरांत त्याच हातानें दुसरें चित्र काढलें. कू क्लक्स क्लॅनचा बुरखेवाला व 'व्हाइट लीग' या गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीचा माणूस हात मिळवीत आहेत; खालीं एक काळें जोडपें तान्हें मूल घेऊन दबून बसलें आहे; मागें शाळा जळते आहे. जोतीरावांची अर्पणपत्रिका छापून तेव्हां दोन वर्षेंही झालीं नव्हतीं!

कांहीं शिक्षकबंधू म्हणतात, तें टवाळीचें चित्र मुलांस दाखवूंच नये, मन कलुषित होईल. आमचें मत उलट आहे. दाखवावें, पण एकटें नव्हे. शेजारीं फळ्यावर लिहावें कीं, ज्या राज्यांत १८३४ च्या कायद्यानें गुलामास लिहिणें-वाचणें शिकविणें गुन्हा होता, तेथेंच १८६८ च्या घटनेनें सर्व वर्णांच्या मुलांस सरकारी शाळा खुल्या केल्या; आणि ती घटना करणाऱ्या सभेंत काळ्यांचें बहुमत होतें. मग पुसावें, ही टवाळी कोणीं केली आणि कोणाच्या करमणुकीसाठीं केली? ज्यांच्या आज्यापणज्यांस पाटी शिवूं दिली नाहीं, त्या मुलांस हें फार समजावून सांगावें लागत नाहीं.

शेवटीं त्या सुताराच्या मुलानें विचारलें, "गुरुजी, त्या म्हाताऱ्यानें पुढल्या वेळीं मत दिलें का?" चित्रांत याचें उत्तर नाहीं. १८७७ सालीं दक्षिणेंतील फौजेचें संरक्षण उठलें. १८९० सालीं मिसिसिपी राज्यानें मतासाठीं कर व वाचनाची परीक्षा लावली. इतर राज्यांनीं तोच कित्ता गिरविला. मताचा हा हक्क कायद्यानें पुन्हां नीट हातीं पडला तो १९६५ सालीं. मुलानें तेथेंच वहीवर वजाबाकी मांडली. ९८ वर्षें आलीं.