ज्येष्ठमधाची काडी आणि काळी चार

ज्येष्ठमध हे नाव त्या काडीला कुणी दिलं ठाऊक नाही, पण ज्येष्ठांनी ती कनिष्ठांच्या तोंडात कोंबावी एवढ्यासाठीच दिलं असावं, असा माझा संशय आहे. घरात कुणी गाणं शिकायला लागलं की आधी तंबोरा येत नाही, आधी पथ्यं येतात. दही बंद. चिंच बंद. लोणचं फक्त बघायचं. त्यानंतर लवंग, कंकोळ, खडीसाखर, मध, आलं, हळदीचं दूध. एवढ्या मालावर एक बऱ्यापैकी वाणसामानाचं दुकान निघेल. किराणा घराण्याचं नाव यावरूनच पडलं, असं छातीठोक सांगणारे एक गृहस्थही मला भेटले आहेत. (ते नाव उत्तर प्रदेशातल्या कैराना गावावरून आलं, हे त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी मलाच लवंग दिली.)

या पथ्यवाल्यांवर माझे तीन आरोप आहेत. बँकेतला माणूस असल्यामुळे ते कलमवार मांडतो.

कलम एक : माल पत्त्यावर पोचतच नाही. आपण गिळतो ते अन्ननलिकेत जातं. आवाज निघतो तो श्वासनलिकेच्या तोंडाशी असलेल्या स्वरयंत्रातून. आणि घास गिळताना ते दार निसर्ग स्वतः बंद करून घेतो. लवंगेनं घसा शेकतो, खडीसाखरेनं लाळ सुटते, बरं वाटतं. बरं वाटण्याला माझी हरकत नाही. पण मधाचा थेंब स्वरतंतूंवर खरोखरच पडला, तर षड्ज लागणार नाही, ठसका लागेल! पाणीसुद्धा तिथे थेट जात नाही. आमच्याकडच्या चेकसारखं ते क्लिअरिंगमधून जातं : आधी पोटात, मग रक्तात, मग मुक्कामी. म्हणून मैफलीआधी पाच मिनिटं तांब्या रिकामा करण्यात अर्थ नाही. पाणी दिवसभर, घोटाघोटानं प्यावं. थेट पोचते ती फक्त वाफ, कारण ती श्वासाबरोबर जाते.

कलम दोन : जे सोडायला पाहिजे ते कुणी सोडत नाही. आमच्या वाडीतली एक गायिका वर्षानुवर्षं दह्याला शिवलेली नाही, पण तिसऱ्या मजल्यावरून खालच्या भाजीवाल्याशी घासाघीस करते ती थेट तार सप्तकात. दुसरे एक हौशी गायक सुरुवात करण्यापूर्वी दहादा खाकरतात. खाकरणं म्हणजे दोन स्वरतंतू एकमेकांवर आपटणं. पुरुषाचे हे स्वरतंतू असतात जेमतेम दोन सेंटिमीटर, बाईचे त्याहून आखूड. आपटून आपटून, ओरडून ओरडून त्यांच्या काठाला घट्टे पडतात. हे घट्टे गायकांना होतात तसेच शाळेतल्या बाईंनाही होतात, आणि त्या बाईंनी आयुष्यात चिंच खाल्लेली नसली तरी होतात. रात्री बाराला कार्यक्रम संपवून भजी हाणायची आणि लगेच आडवं व्हायचं, हेही गळ्याला नडतं, कारण पोटातलं आम्ल वर येतं ते घशापर्यंत. पण भजी कुठल्याच पथ्याच्या यादीत नाहीत. यादी करणाऱ्यांना ती आवडत असावीत.

कलम तीन सगळ्यात गंभीर : पट्टी. क्लासात पेटी एक, मुलं वीस आणि पट्टी मास्तरांची. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचे स्वरतंतू तार षड्जाला सेकंदाला सुमारे 277 वेळा थरथरतात. त्यालाच काळी चारमध्ये बसवा, की त्याच तार षड्जाला 415 वेळा. म्हणजे काम दीडपट, वेळ तोच, आणि ओव्हरटाइम नाही. पूर्वी नाटकवाल्यांना मायक्रोफोनशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं होतं, त्यांचं चढं गाणं समजण्यासारखं आहे. आज दिवाणखान्यात आठ माणसांसमोर काळी चार कशाला? पण आपल्याकडे पट्टी हा आवाजाचा प्रश्न नाही, इभ्रतीचा आहे. 'आमचा बंड्या काळी चारमध्ये गातो' हे वाक्य 'आमचा बंड्या चौथ्या मजल्यावर राहतो' अशा थाटात म्हटलं जातं.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. गेल्या वर्षापर्यंत आंतरशालेय स्पर्धांत बक्षिसं घ्यायचा. यंदा आवाज फुटला. या वयात मुलाचे स्वरतंतू लांब आणि जाड होत असतात. म्हणजे वाद्याच्या तारा बदलण्याचं काम चालू असतं. पण क्लासात पट्टी तीच राहिली आणि घरात ज्येष्ठमध दुप्पट झालं. 'लाव, लाव, वरचा लाव' करत त्याला रोज ओढला. वरचा लागेना तेव्हा चारचौघांत 'बेसूर' म्हणून झालं. परवा मला हळूच म्हणाला, "काका, माझा आवाज गेला."

मी म्हटलं, "गेला नाही रे, त्याची बदली झालीय. नव्या जागी रुळायला वेळ लागतो."

तो हसला. पण क्लासला जात नाही. न्हाणीघरातलं गुणगुणणंही थांबलंय. ज्येष्ठमध तेवढं चालू आहे.

या पथ्यवाल्यांनी जरा थोरांकडे बघावं. गंगूबाई हनगल यांचा आवाज तरुणपणी बारीक होता. टॉन्सिलच्या दुखण्यावर उपचार झाले आणि तो पुरुषी, भारदस्त झाला. त्या गेलेल्या आवाजामागे धावल्या नाहीत. उरलेल्या आवाजात पुढची कित्येक दशकं गायल्या आणि 2002 साली पद्मविभूषण झाल्या. कुमार गंधर्वांचं एक फुफ्फुस क्षयानं निकामी केलं. 1948 साली ते हवापालटासाठी देवासला गेले, काही वर्षं गाणं बंद राहिलं. परतले ते आपल्या श्वासात बसणारं गाणं घेऊन. दोघांनीही शिल्लक बघून चेक फाडला. आमच्या क्लासांतून मात्र पोरांना पहिल्या दिवसापासून ओव्हरड्राफ्ट!

'मग करायचं काय?' म्हणाल, तर फार काही नाही. सकाळी खालच्या सुरात सावकाश सुरुवात करावी. दुखलं की थांबावं, कारण दुखणं म्हणजे रियाज नव्हे. सर्दीत गप्प बसावं, आणि गप्प म्हणजे गप्प, कुजबुजणं नव्हे. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर शेजारच्या काकूंना न विचारता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारावं. फुटणाऱ्या आवाजाच्या मुलाला खाली, सोप्या पट्टीत गाऊ द्यावं आणि वर्षभर बक्षीस मागू नये.

दही खायचं की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण गाणाऱ्या पोराच्या हातावर काडी ठेवण्यापूर्वी त्याला एकदा एवढंच विचारा : बाळ, तुझा सा कुठे आहे? आणि तो जिथे दाखवील, तिथे पेटी आणून ठेवा.