दुधाचंच आहे ना? मुलांना रॅपर वाचायला शिकवू या



मार्च लागला की आपल्या देवळीत दुपारी घराबाहेर पडवत नाही. शाळा सकाळची होते आणि सुटायच्या वेळेला आइस्क्रीमची गाडी रस्त्यावर येऊन उभी राहते. दहा-वीस रुपयांची कांडी चोखत पोरं घरी जातात. त्यात वावगं काही नाही. आपणही त्या वयात लाल-पिवळी आइसकांडी खाऊन जीभ रंगवली आहेच.

पण मागच्या उन्हाळ्यात पालक सभेत एक आई म्हणाली, "मॅडम, पोरगं दूध पेतच नाही जी. म्हणून रोज ही कांडी घेऊन देतो. दुधाचंच त असते ना!"

ही बाई शेतात मजुरीला जाते. त्या मजुरीतले वीस रुपये ती रोज वेगळे काढत होती, पोराच्या पोटात दूध जावं म्हणून. मी विचारलं, "त्याच्यावर काय लिहिलंय ते पाहिलं का?" ती म्हणाली, "इंग्रजीत लिहून असते जी, बारीक."

दुसऱ्या दिवशी मी सातवीच्या मुलांना रॅपर गोळा करून आणायला सांगितलं. काही रॅपरवर 'आइस्क्रीम' होतं, तर बऱ्याच रॅपरवर 'फ्रोजन डेझर्ट'. तोपर्यंत मुलांच्या लेखी सगळंच आइस्क्रीम होतं. खरं सांगते, माझ्याही लेखी तसंच होतं.

फरक काय आहे?

आपल्या देशातल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार नुसतं 'आइस्क्रीम' असं नाव लावायचं तर त्यात किमान १० टक्के स्निग्धांश दुधाचा हवा. फ्रोजन डेझर्टमध्ये हा स्निग्धांश पूर्ण किंवा काही प्रमाणात खाद्य वनस्पती तेलाचा असू शकतो. तसं असेल तर रॅपरवर ते लिहावं लागतं. हे तेल ३७ अंश सेल्सियसला किंवा त्याआधी वितळणारं हवं, म्हणजे साधारण आपल्या अंगाच्या तापमानाला. मुलांना हे लगेच कळतं, कारण थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजतं आणि उन्हात ठेवलं की पातळ होतं, हे त्यांनी घरी पाहिलेलं असतं.

म्हणजे फ्रोजन डेझर्टमध्ये दूध नसतंच का? असतं. दूध पावडर किंवा दुधातले इतर घन पदार्थ बहुतेक वेळा असतात. लोणी-सायीच्या जागी तेल येतं, एवढाच मुख्य फरक.

आता थोडं गणित

कांडीचं माप रॅपरवर मिलिलिटरमध्ये ठळक असतं आणि पोषणमूल्यं बऱ्याचदा १०० ग्रॅमची दिलेली असतात. मेख इथेच आहे. गोठवताना मिश्रणात हवा घोटली जाते, म्हणून ते हलकं होतं. नियमाप्रमाणे पूर्ण स्निग्धांशाच्या प्रकारात एका लिटरचं वजन किमान ५२५ ग्रॅम हवं. म्हणजे ६० मिलिची कांडी वजनाला ३१-३२ ग्रॅमच भरू शकते.

अशा कांडीत प्रथिनं ३.५ टक्के धरली तर सुमारे १.१ ग्रॅम होतात. २०० मिलि गाईच्या दुधात ती सहा ग्रॅमच्या वर असतात. एका पेलाभर दुधाची बरोबरी करायची तर पाच-सहा कांड्या खाव्या लागतील! वर्गात हा आकडा फळ्यावर आला तेव्हा एक पोरगा म्हणाला, "मॅडम, मी त खाईन." सगळा वर्ग हसला. मग आम्ही साखर मोजली. १०० ग्रॅमला २० ग्रॅम धरली तर एका कांडीत सहा ग्रॅम, म्हणजे दीड चमचा. सहा कांड्यांत नऊ चमचे. चॉकलेटचा थर असलेली कांडी असेल तर तेल आणि साखर आणखी वाढते.

घाबरवू नका

माझं मत इथे जरा वेगळं आहे. 'फ्रोजन डेझर्ट म्हणजे डालडा, म्हणजे विष' असे मेसेज आपल्या ग्रुपवर फिरत असतात. आपण शिक्षकांनी तरी ते पुढे ढकलू नयेत. हा वाद न्यायालयातही गेला होता. २०१७ साली अमूलच्या जाहिरातींत फ्रोजन डेझर्टचा संबंध वनस्पती तुपाशी जोडला गेला. त्यावर तेव्हा क्वालिटी वॉल्स विकणारी हिंदुस्थान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने त्या जाहिराती दाखवायला मनाई केली. खाद्य तेल आणि वनस्पती तूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उलट बाजूही सांगायला हवी. 'वनस्पती' शब्द आला म्हणून पदार्थ पौष्टिक होत नाही. खोबरेल तेलात संपृक्त स्निग्धांश दुधाच्या सायीपेक्षाही जास्त असतो. आणि 'आइस्क्रीम' लिहिलेल्या कांडीतही साखर असतेच. दोन्ही पदार्थ चैनीचे आहेत, दुधाची जागा दोन्ही घेऊ शकत नाहीत. एखादी कांडी खाल्ल्याने कोणाचं बिघडत नाही. बिघडतं ते त्या कांडीला दूध समजल्याने.

मग शाळेत काय करता येईल?

१. रॅपर गोळा करून नाव, घटक, माप आणि साखर असा तक्ता मुलांकडून करून घ्या. घटक जास्त प्रमाणाकडून कमीकडे लिहिलेले असतात, हे आधी सांगा.

२. एक कांडी वजन करून वाटीत वितळू द्या. हवा निघून गेली की किती उरतं ते मोजा. विज्ञान आणि गणित एकाच तासात होतं.

३. रॅपरवरचे इंग्रजी शब्द मुलांनी घरी आई-बाबांना मराठीत समजावून सांगायचे. हाच गृहपाठ.

शाळेत आणि शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२० पासून आहे. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं. चांगलंच आहे. पण गाडीवाला ५१ व्या मीटरवर उभा राहील, त्याचंही पोट आहे. मुलाच्या हातात रॅपर आल्यावर त्याला ते वाचता आलं पाहिजे, ते काम आपलं आहे. १९३७ साली याच वर्धेत नई तालीमची कल्पना मांडली गेली. हाताशी असलेल्या गोष्टीतून शिका, हेच तर ती सांगते.

त्या आईला मी कांडी बंद करा असं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "कांडी रविवारी द्या, हौसेची म्हणून. रोजच्या पैशांत दही, फुटाणे, कधी उकडलेलं अंडं द्या." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "दही खाते जी तो. मले वाटलं, कांडीच जास्त ताकदीची."

तिचं चुकलं नव्हतं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तुमच्याही वर्गातल्या कुणाच्या तरी घरी असंच चालू असेल. उद्या एक तास रॅपरसाठी काढाल ना?