थेऊरच्या त्या खोलीत

रमा-माधवाचा, म्हणजे माधवराव पेशवे आणि त्यांच्या पत्नी रमाबाईंचा, विषय निघाला की आमच्या संकेश्वरात दोन तट पडतात. एक म्हणतो, पुस्तकात प्रेम कुठं आहे, ते पडद्यावरच दिसलं. दुसरा म्हणतो, पडद्यानं मूळ कथेची वाट लावली. मला दोन्ही मान्य नाहीत.

मूळ कथा म्हणजे तरी काय? पलीकडच्या कोवाडच्या रणजित देसाईंची 'स्वामी' ही कादंबरी 1962 साली आली. रमाबाईंविषयी कागदपत्रांत फार थोडं सापडतं. त्या दोघांचं बोलणं देसाईंनी कल्पनेनं उभं केलं. ते त्यांना शोभलं, तर 'स्वामी'वर दूरचित्रवाणी मालिका करणाऱ्या गजानन जागीरदारांना किंवा 2014 साली 'रमा माधव' हा चित्रपट करणाऱ्या मृणाल कुलकर्णींना कल्पनेची बंदी का? त्या मालिकेतल्या रमाबाई तर मृणालच होत्या.

आता पहिला आक्षेप. माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले, सत्ताविसाव्या वर्षी गेले. मधली अकरा वर्षं कर्ज, काकांशी तंटा, निजाम आणि कर्नाटकातल्या हैदरावरच्या मोहिमा यांत सरली. घरी टेकायलाच सवड नव्हती. अशा संसारातलं प्रेम वाट बघण्यात असतं, आलेल्या माणसाचा चेहरा वाचण्यात असतं. 'स्वामी'त ते पानोपानी आहे. घाईनं वाचणाऱ्याला सापडत नाही, एवढंच.

माझं भांडण वेगळंच आहे, आणि ते वाचकांशीही आहे. आमच्या घरच्या प्रतीची शेवटची पानं शिवणीतून सुटली आहेत. मधली अजून घट्ट आहेत. शेवटच्या पानांत आहे 18 नोव्हेंबर 1772, थेऊर, माधवरावांचा मृत्यू आणि रमाबाईंचं सती जाणं. सगळे तिथंच धावतात आणि त्यालाच प्रेमाचा पुरावा मानतात. तो पुरावा नाही. ती त्या काळाची क्रूर रूढी होती; सतीचं उदात्तीकरण तर 1987 च्या कायद्यानंच गुन्हा आहे. रमाबाईंचं प्रेम त्याआधीच, क्षयानं खंगलेल्या नवऱ्याच्या उशाशी, पुरतं सिद्ध झालं होतं.

आणि ती आजाऱ्याची खोली दाखवायला पडद्यासारखं साधन नाही. खोकल्याची उबळ ओसरते, पाण्याचं भांडं पुढं येतं, धरणारा हात किंचित कापतो. लेखकाला तिथं शब्द लागतात. कॅमेऱ्याला नुसतं थांबता येतं.

म्हणून पुन्हा कुणी ही कथा पडद्यावर आणणार असेल, तर त्याला माझी हात जोडून विनंती आहे: पार्श्वसंगीत बंद ठेवा, त्या खोलीत निवांत बसा, आणि नदीकाठच्या चितेपर्यंत आम्हाला नेऊ नका.